फियाटचे चार स्क्रू



चातुर्मास सुरू झाला की तुम्ही माझ्याकडे हिरवी भाजी न वापरता काय काय करता येतं ते विचारता. तेही लिहीन. पण आज विषय वेगळा आहे, आणि तो वाचून तुम्ही म्हणाल की हिचाच एखादा स्क्रू ढिला झालेला दिसतो. हरकत नाही. गेला महिनाभर मी खरोखर स्क्रूच शोधत होते. शोधता शोधता जे हाती लागलं ते सांगितल्याशिवाय यंदाची संवत्सरी मला नीट करता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बीडमध्ये तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात. पांढरा रंग, पुढे सलग लांब सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. ह्याच गाडीवर मी गाडी शिकले. सुभाष रोडवरून साडी नेसलेली बाई फियाट चालवत जाते हे बघायला तेव्हा दुकानातले लोक बाहेर यायचे. मुलगा पुण्याला असतो, त्याने चार वर्षांपूर्वी आम्हाला नवी गाडी घेऊन दिली आणि ही विकून टाका म्हणाला. पण दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू आता पुष्कळ सुधारली आहे, तरी नव्या गाडीच्या खोलगट सीटमधून उठताना त्यांना त्रास होतो. फियाटची सीट खुर्चीसारखी सरळ. म्हणून स्थानकात जायचं असलं की फियाटच निघते.

चातुर्मासातल्या दुसऱ्या रविवारी प्रवचनाला गेलो होतो. स्थानकाच्या दारात गाडी उभी केली. हे उतरायला लागले. दाराच्या आतल्या बाजूला हात टेकवायला आणि दार ओढून घ्यायला जो लांबट दांडा असतो, त्याला आमच्या घरी दाराचा हात म्हणतात. त्याला धरून हे उठले आणि तो हातच सुटून त्यांच्या हातात आला. ते मागे सीटवर पडले म्हणून बरं. पुढे पडले असते तर खाली फरशी होती. पायदानाजवळ एक छोटा स्क्रू घरंगळत गेला, दुसरा दिसलाच नाही. एवढ्याशा दोन लोखंडी काड्या, पण सत्तर किलोच्या माणसाचा भार त्यांच्यावर होता.

घरी येऊन मी दुसऱ्या दाराचाही हात हलवून बघितला. तोही डुगडुगत होता. म्हणजे दोन दारांचे मिळून चार स्क्रू हवे होते. मला वाटलं, चार स्क्रू, दहा रुपयांचं काम.

आता ही गाडी कुठून आली ते थोडं सांगते, कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता आणि तो काढला वालचंद हिराचंद दोशी यांनी, १९४४ मध्ये. ते मूळ सोलापूरचे, आपल्याच जैन समाजातले, दिगंबर. जन्म १८८२ चा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा, पण हे गृहस्थ बोटी, विमानं, साखर, मोटारी अशा सगळ्यांत उतरले. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. १९५३ मध्ये ते वारले, तेव्हा आपली ही गाडी यायची होती. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होता, त्यातून १९६४ मध्ये ११०० डिलाइट नावाची गाडी निघाली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. नाव चितोडच्या राणी पद्मिनीचं. माझ्या सासूबाईंना त्या नावाचा भारी अभिमान होता. मेवाडची राणी आपल्या दारात उभी आहे म्हणायच्या. २००० च्या सुमारास या गाड्या निघायच्या बंद झाल्या, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या. ज्या गाडीचा कारखानाच उरला नाही तिचा स्क्रू कुठून मिळणार, हा प्रश्न मला तोपर्यंत पडलाच नव्हता.

पायदानाजवळ सापडलेला स्क्रू एका पुडीत घेऊन मी सुभाष रोडवरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने स्क्रू अंगठ्यावर उभा केला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "दीड सूत." चार स्क्रू दिले, बारा रुपये घेतले. आपल्याकडे नट-बोल्ट अजून सुतावर चालतात. एक इंचाचे आठ सूत. म्हणजे दीड सूत म्हणजे इंचाच्या सोळा भागांतले तीन भाग. मी बी.कॉम. असले तरी एवढं गणित येतं.

घरी येऊन मी लावायला बसले. स्क्रू दोन-तीन वेढे आत गेला आणि अडकला. जोर लावला तर फिरला, पण घट्ट बसेना. ओढला की हलायचा. दुसऱ्या दुकानात गेले. त्यांनीही अंगठ्यावर उभा करून दीड सूतच सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी मला पत्र्याचा स्क्रू दिला, टोकदार, स्वतःच भोक पाडत जाणारा. तो लांब होता. मिस्त्री चाचांनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला. "भाभी, ये मत लगाना," म्हणाले. दाराच्या आत काच वरखाली होते, लांब टोकदार स्क्रू आत गेला तर काच खाली घेतल्यावर त्याच्यावर आपटून फुटते. हे तुम्हीही लक्षात ठेवा. गाडी कोणतीही असो, दारात, डॅशबोर्डात किंवा छताला मूळ स्क्रूपेक्षा लांब स्क्रू कधी लावू नये. आत काच असते, वायरी असतात.

हे मिस्त्री चाचा आमची गाडी पहिल्यापासून बघतात. जालना रोडच्या बाजूला त्यांचं गॅरेज आहे, मागे मोकळी जागा. आता हात थरथरतो म्हणून काम पोरं करतात, चाचा खाटेवर बसून सांगतात. त्यांनी मला एक युक्ती दाखवली. दोन स्क्रू घ्यायचे आणि त्यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरायचे. दोन कंगवे एकमेकांत घालावेत तसं. दातात दात बसला आणि मधून उजेड आला नाही तर माप एक. उजेड दिसला तर माप वेगळं, मग जाडी कितीही सारखी दिसो. मी माझा जुना स्क्रू आणि दुकानातला नवा असे धरून बघितले. उजेड आला! चाचा म्हणाले, दुकानवाला जाडी बघतो, आटे बघत नाही. पण मग बरोबर माप कोणतं, ते त्यांनाही आकड्यात सांगता येईना. त्यांच्याकडे डब्यात पडलेल्यांतून लावून बघायचं, एवढीच रीत. गाडी त्यांच्याकडे ठेवून मी घरी आले. मुलीला पुण्याच्या जुन्या बाजारात बघायला सांगितलं. तो रविवारी आणि बुधवारी भरतो. तिने रविवारी उन्हात दोन तास घालवले आणि पद्मिनीचा अख्खा दिवा मिळेल, स्क्रू नाही असा निरोप दिला.

मंगळवारी गॅरेजमधून फोन आला. काकू, काम झालं. मी गेले. डाव्या दाराचा हात असा घट्ट बसला होता की मी दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. स्क्रूचं डोकं थोडं फुगीर, चकचकीत, खाली वाटीसारखा वायसर. अगदी कंपनीचे. मला इतका आनंद झाला की मी पोराच्या हातावर शंभराची नोट ठेवली. मग सहज विचारलं, "कुठे मिळाले रे?"

त्याने मान वळवून मागच्या मोकळ्या जागेकडे दाखवलं. "त्या गाडीचे काढले, काकू. किती वर्षं पडून आहे. दोन स्क्रू गेले तर कोण विचारतंय?"

कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली एक फियाट होती. ताडपत्री एका बाजूने वर सरकली होती. नंबर बघायची गरज नव्हती, पण मी बघितला. आमच्या नंबरच्या पुढचाच नंबर. माझ्या जेठांची गाडी.

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल. आमचं एकत्र कुटुंब होतं. कापडाचं दुकान, दोघे भाऊ. १९९१ मध्ये दोघांनी एकाच दिवशी दोन फियाट घेतल्या, नंबर पाठोपाठ मिळाले. २०११ च्या दिवाळीत वाटणी झाली. वाटणी वाईट नसते, पण आमची वाईट झाली. मोंढ्यातल्या गोदामावरून शब्द वाढले, आणि त्या दिवसापासून दोन घरांत येणं-जाणं बंद. धोंडीपुऱ्यातला जुना वाडा त्यांच्याकडे गेला, आम्ही नवीन घरी आलो. २०२१ मध्ये जेठ वारले. करोनाचे दिवस होते, कोणी कोणाकडे जाऊ शकत नव्हतं. आम्हीही गेलो नाही. सगळ्यांना आम्ही तेच कारण सांगितलं. पण मैत्रिणींनो, सहा महिन्यांनी रस्ते मोकळे झाले तेव्हाही आम्ही गेलो नाही, तेव्हा कारण करोना नव्हतं.

मी पोराला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता काढ आणि जिथले होते तिथे लाव." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, काकू, दोन स्क्रूच आहेत ना. चाचांनी खाटेवरून त्याला रागावून हाक मारली. पोराने स्क्रू काढले, ताडपत्रीखाली जाऊन परत लावले. मी उभी राहून बघितलं. मग त्याला शेजारी बसवून समजावलं की मालकाला न विचारता घेतलेली वस्तू ही न दिलेली वस्तू, मग ती काडीएवढी का असेना. तो हो हो म्हणाला. शंभराची नोट परत देत होता, मी घेतली नाही.

रिक्षाने घरी येताना मला माझंच बोलणं ऐकू येत होतं. आपण रोज प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे पाच अतिचार म्हणतो. तेनाहडे म्हणजे चोरीचा माल घेणं. तक्करप्पओगे म्हणजे चोराला हातभार लावणं. विरुद्धरज्जाइक्कमे म्हणजे राज्याच्या कायद्याविरुद्ध वागणं. कूडतुल्ल-कूडमाणे म्हणजे खोटं वजन, खोटं माप. आणि तप्पडिरूवगववहारे म्हणजे दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरं. चाळीस वर्षं म्हणते आहे. सासूबाईंनी पाठ करून घेतलं होतं. तोंड सरावलेलं आहे, त्यामुळे मन दुसरीकडे असलं तरी चुकत नाही. त्या दिवशी रिक्षात मात्र चुकलं. मी तेनाहडेवर अडकले आणि पुढे जाता येईना.

कारण पोराला मी दोन स्क्रूंवरून शिकवलं, आणि माझ्याकडे तेवीस हजार रुपये होते.

बलभीम महाविद्यालयातून मी बी.कॉम. केलं. घरात तेवढी शिकलेली मीच, म्हणून वाटणीच्या वेळी साठ्याच्या याद्या आणि हिशेब मी लिहिले. दिवाळीपूर्वी सुरतेहून साड्यांचा एक माल मागवलेला होता. बिल ४६,००० रुपयांचं. बिल वाटणीआधी आलं, म्हणून ते एकत्र खात्यातून गेलं, म्हणजे दोघांनी निम्मं निम्मं भरलं. माल मात्र रस्त्यात होता. तो वाटणीनंतर आठ दिवसांनी आला आणि आमच्या दुकानात उतरला. कॉमर्स शिकलेल्या मुलीला हे पहिल्या वर्षी शिकवतात: ज्याचं बिल धरलं तो माल वाटेत असला तरी साठ्यात धरायचा. मी धरला नव्हता. घाईत राहिला. ती चूक होती, पाप नव्हतं. पण दोन महिन्यांनी वह्या लावताना माझ्या ते लक्षात आलं. तेव्हा भांडण झालेलं होतं. मी मनात म्हटलं, गोदामाच्या बाबतीत त्यांनी काय कमी केलं? आणि वही मिटली. ह्यांनाही सांगितलं नाही. त्या क्षणी चुकीचं अदत्तादान झालं. निम्मे, २३,००० रुपये त्यांचे होते आणि ते आमच्याकडे राहिले.

तीन दिवस मी काही केलं नाही. चौथ्या दिवशी रात्री प्रतिक्रमण झाल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. झटक्यानंतर त्यांचं बोलणं थोडं सावकाश झालं आहे. म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही परत दिले असते म्हणून." त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "स्क्रू विचारायला तुलाच जावं लागेल. वाड्याच्या पायऱ्या मला जमायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाड्यावर गेले. तेरा वर्षांनी. सकाळी चौदा नियम धरताना वाहनाच्या ठिकाणी एक रिक्षा, जाऊन येऊन, एवढंच ठेवलं होतं, म्हणजे मध्येच परत फिरून पुन्हा जायची सोय ठेवली नव्हती. दार जाऊबाईंनीच उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेत. त्या मला लग्नापासून लहानी म्हणतात, कारण मी धाकटी. त्या दिवशीही तेच म्हणाल्या, पण प्रश्नासारखं. "लहानी?"

मी म्हटलं, "भाभीजी, स्क्रू मागायला आले."

एवढ्या वर्षांनी हे वाक्य बोलायचं होतं, हे माझंही ठरलेलं नव्हतं. त्यांनी मला आत बसवलं. त्यांचं एकासन झालेलं होतं, माझ्यासाठी उकळलेलं पाणी आणलं. मी गॅरेजमध्ये झालेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, गाडी ह्यांनी २०२१ च्या सुरुवातीला कामाला टाकली होती, मग ते गेले, आणि आणायची की विकायची हे ठरवायला मन झालं नाही. चाचाही जागेचं भाडं मागत नाहीत. "तुला हवे ते घे तिच्यातले."

मग उठून आतल्या कोनाड्यातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत छोट्या छोट्या कागदी पुड्या होत्या. प्रत्येक पुडीवर जेठांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलेलं. आरसा. सूर्याची झापडी. छताचा दिवा. वायसर. आणि एका पुडीवर: दाराचा हात, ५ मि.मी., सुताचे घेऊ नये.

ते अक्षर मी वीस वर्षं रोज बघितलं होतं. चलनं, पावत्या, रोजमेळ. माझ्या हिशेबातली चूक ते असेच बाजूला बारीक लिहून दाखवायचे, कधी बोलून दाखवलं नाही. मला त्या पुडीकडे बघवेना.

आता स्क्रूचं कोडं सांगते. इटलीची गाडी म्हणून तिचे आटे मिलिमीटरचे. पाच मिलिमीटरच्या स्क्रूला दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं. दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे अंगठ्यावर उभे केले तर दोन्ही सारखेच दिसतात. पण सुताच्या स्क्रूला इंचात चोवीस आटे, म्हणजे दोन आट्यांत एक मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर. म्हणून तो दोन वेढे जातो आणि अडकतो. जोर केला तर आतले आटे खातो. आमच्या दारात मागे कधीतरी कोणीतरी तेच केलं होतं. वर्षानुवर्षं ते दिसत नव्हतं, कारण नुसतं दार ओढायला तेवढी पकड पुरत होती. माणसाचा भार आला त्या दिवशी सुटलं.

हे लिहिताना मला दुसरं काही सुचत होतं, ते तुम्हालाही सुचलं असेल. मी लिहीत नाही.

डबा मांडीवर घेऊन मी जाऊबाईंना साड्यांच्या मालाचं सांगितलं. बिल, तारीख, रक्कम, सगळं. मला वाटलं होतं की त्या रडतील किंवा मी रडेन, आणि मग दोघी एकमेकींना धरू. तसं झालं नाही. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाल्या, "मला हिशेब कळत नाही, तुला माहीत आहे. लिहून आण. मुलाला दाखवीन." आवाज थंड होता. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्यांना संशय होता. बोलले नाहीत कधी." मी मान खाली घातली. निघताना त्यांनी ती पुडी माझ्या हातात दिली. आत तीनच स्क्रू होते.

घरी येऊन मी कागद केला. मूळ रक्कम २३,०००. त्यावर सहा टक्क्यांनी सरळ व्याज, वर्षाला १,३८०. तेरा वर्षांचे १७,९४०. एकूण ४०,९४०. व्याज कोणी मागितलं नव्हतं, पण दुसऱ्याचे पैसे आपण वापरले तर त्याचं भाडं द्यावं लागतं, हेही पहिल्या वर्षीच शिकवतात. ह्यांनी उजव्या हाताने चेकवर सही केली. कागद आणि चेक मी स्वतः नेऊन दिला.

चौथ्या स्क्रूसाठी मी त्याच पहिल्या दुकानात गेले. ह्या वेळी सूत म्हटलंच नाही. म्हटलं, "एम पाच द्या, चाळीस मिलिमीटर लांब, चपट्या डोक्याचा, आणि एक एम पाचचा नट दाखवा." दुकानदाराने मागच्या कप्प्यातून खोका काढला. नटात स्क्रू फिरवून बघितला, बोटाने सरसर गेला. म्हणजे वस्तू दुकानात होती. मागायची कशी ते मला येत नव्हतं. मी अख्खं पाकीट घेतलं. चाचांनी आधी दोन्ही दारांतले खराब आटे पाच मिलिमीटरच्या टॅपने पुन्हा साफ करून घेतले, एका ठिकाणी आतला नटच बदलला. मग चारही स्क्रू बसवले. तीन जेठांच्या पुडीतले, एक दुकानातला. त्याचं डोकं थोडं वेगळं दिसतं. राहू दे.

पाकिटातले उरलेले स्क्रू मी त्या पुडीत भरले, पुडी पुन्हा तशीच घडी घातली आणि जाऊबाईंच्या डब्यात ठेवून आले. त्यांच्या गाडीलाही लागतील.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल, किंवा मिक्सर, शिलाई मशीन, कुकरची मूठ, तर एवढं करा. स्क्रू काढाल तेव्हा वाटीत एकत्र टाकू नका. पुठ्ठ्यावर त्या वस्तूचं साधं चित्र काढून जो जिथला तो तिथे टोचून ठेवा. दुकानात जाताना जुना स्क्रू न्या आणि शक्य असेल तर त्याचा नटही न्या. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत लावताना आधी हलक्या हाताने उलटा फिरवा, जुन्या आट्यात तो टुकदिशी बसतो, मग सुलटा आवळा, नाहीतर तो नवे आटे पाडून भोक सैल करतो. लाकडातलं भोक सैल झालं असेल तर काडेपेटीची काडी गुल काढून, गोंद लावून आत घाला, वाळू द्या आणि मग स्क्रू लावा. पेचकस खाचेत पूर्ण बसेल असाच घ्या. लहान पेचकसाने खाच गोल होते, आणि मग तो स्क्रू निघतही नाही, बसतही नाही. आणि पुडीवर नाव लिहून ठेवा. आपण नसलो तरी कोणाच्या तरी उपयोगी पडतं.

हे लिहिते आहे तोपर्यंत चेक वटलेला नाही. पुतण्याने अजून बँकेत टाकला नसावा. रागावून की विचार करून, मला माहीत नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही. पण परवा संध्याकाळी, सूर्यास्ताच्या थोडं आधी फोन वाजला. जाऊबाई होत्या. इकडचं तिकडचं काही नाही. म्हणाल्या, "लहानी, तो दाराचा हात टिकला का?"

मी म्हटलं, "टिकला, भाभीजी. काल ते धरून दोनदा उतरले."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संवत्सरीला मी वाड्यावर जाणार आहे. ह्या वेळी हेही येतो म्हणाले आहेत. पायऱ्या सहाच आहेत, एका बाजूने मी धरीन.

माझ्या लिहिण्यातून कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर मनापासून मिच्छामि दुक्कडम.